नानांचा दगड कोणता?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझे वडील, नाना, गेले तेव्हा धुळ्याच्या आमच्या अंगणात गोणपाटावर माझे काळे दगड पसरलेले होते. धुळ्याभोवती काळ्या पाषाणाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आल्या आहेत, डाइक म्हणतात त्यांना. त्यातल्या एकीवर माझा प्रबंध चालू होता.

पांझरेकाठी अग्नी दिला. ज्या दगडानं मडक्याला भोक पाडलं तो जीवखडा. दहा दिवस गेलेला जीव त्यातच राहतो म्हणतात. फडक्यात बांधून तो अंगणातल्या कोनाड्यात ठेवला. आणि आमची आत्या! दिसेल ते धुणारी बाई. फडक्याला मुंग्या लागल्या म्हणून तिनं गाठ सोडून जीवखडा धुतला आणि वाळत ठेवला कुठे, तर माझ्याच गोणपाटावर.

दहाव्याला कावळा काही शिवेना. हात जोडले, नाना, नाना म्हणून हाका मारल्या, वचनं दिली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि दगड पाण्यात सोडला. घरी आल्यावर आत्या धाय मोकलून रडली. सकाळी गोणपाटावरच्या सगळ्या काळ्या दगडांतून एक तिनंच उचलून दिला होता. "तोच उचलला का दुसरा, मले काय माहीत? बठ्ठा सारखाच काया!"

मग मायला अंगणात नानांचा खोकला ऐकू येऊ लागला. मी तिच्यावर चिडायचो. पण खरं सांगतो, मलाही तो ऐकू येत होता.

एके दिवशी ती म्हणाली, "तुना शास्त्रमा वळखू येस का?"

"येतं की!" प्रत्येक भिंत म्हणजे निवलेला लाव्हारस, आपापल्या वाटेनं वर आलेला. वाटेत जो जुना खडक विरघळला त्याची खूण, किंचित स्ट्रॉन्शियम, किंचित बेरियम, निवताना स्फटिकांत अडकून बसते. डोळ्यांना सगळे सारखे, यंत्राला नाही. माझे दगड एकाच भिंतीचे, जीवखडा नदीतून उचललेला, बहुधा दुसरीकडचा. जो जुळणार नाही ते नाना.

तिचा चेहरा उजळला. "मंग पाह्य ना."

"पण फोडून पीठ करावं लागेल. एकेकाचं."

तिनं जवळचा एक दगड पदराखाली घेतला. "एकदाव जाळं त्यासले," म्हणाली. "आते कुटू नको."

प्रबंध गेला खड्ड्यात. सगळे दगड टोपल्यांत भरून नदीवर नेले. मायनं एकेक पाण्यात सोडला, प्रत्येकाला "जा आते" म्हणत. शेवटचा सोडून विचारलं, "गयात व्हतीन का रे?"

नाना गेले की नाही, मला काय ठाऊक! "गयात, माय," म्हटलं.

तिनं पाण्यावरची नजर काढली नाही. "तुले खोटं बोलता येत नही," म्हणाली. "बापवरच गया तू."