मारबतीत गेलेली गाडी

माझी गाडी कुठल्याच कंपनीची नाही. तिला दहा चाकं आहेत, लांबीला ती पावाच्या लादीएवढी आहे, आणि अजून कुणाला न सापडलेल्या ग्रहावर ती चालते. "याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, काही नाही. तुमच्या मालिकांचा जेवढा आहे तेवढाच.

जोडायच्या अशा छोट्या मॉडेल-गाड्यांचे तयार संच बाजारात मिळतात, पण दुसऱ्याने आखून दिलेली गाडी मला नकोच होती. मी धंतोलीत औषधांच्या दुकानात काम करते. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांवरचे पारदर्शक फुगे कापून हेडलाइट केले. सिरपच्या मापाच्या झाकणाचा मनोरा झाला. सनबोर्डचा हलका पुठ्ठा कापून सांगाडा, सायकलच्या स्पोकचे आस आणि वर एरियल, कूलरच्या जुन्या पाइपाच्या चकत्या टायर म्हणून. दोन उन्हाळे गेले त्यात.

सगळ्यात जास्त वेळ रंगाने खाल्ला. नवीकोरी गाडी खोटी वाटते. ती राबलेली दिसायला हवी. माझं लहानपण खापरखेड्याच्या वसाहतीत गेलं, वडील तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात होते. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि आई चिडायची. मी मात्र राखेच्या त्या करड्या मैदानाकडे बघत बसायचे. दुसरी दुनिया असलीच तर अशीच असणार, याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून गाडीवर तपकिरी-नारिंगी रंग स्पंजने टिपून टिपून गंज चढवला, चाकांच्या खाचांत तिथलीच राख भरली आणि वरून वार्निश मारलं. इतका खरा गंज साधला की मी स्वतःवरच खूश झाले.

तोच गंज मला नडला. पोळ्याला भिवापूरहून माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या होत्या. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या काढून "घेऊन जा गे मारबत" म्हणत चौकात टाकायच्या, सोबत घरातली मोडकी, गंजकी वस्तूही द्यायची, म्हणजे मारबत घरातली पीडा घेऊन जाते. त्या सकाळी मी दुकानात गेले होते. दुपारी आले तर टेबल रिकामं.

"ते लोखंडाचं डबडं ना? मारबतीले देलं," नणंदबाई म्हणाल्या. "किती गंजलं होतं वं! असं घरात ठेवत असतेत काय?"

मी तशीच चौकात धावले. जुन्या खराट्यांच्या आणि पळसाच्या ढिगात माझी गाडी उलटी पडली होती, एरियल वाकलेलं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. तिला पदराने पुसून घरी आणलं, तर दारात नणंदबाई आडव्या उभ्या.

"मारबतीत गेलेलं घरात नाही आनत. पीडा येते."

"ताई, दोन वर्षं खपले मी हिच्यासाठी."

"दुसरी बनव ना वं," मागून नवरा म्हणाला. "एवढी कायले चिडून राहिली?"

दुसरी बनव! पोळी करपली तर दुसरी लाट म्हणतात, त्या सुरात. मी पायरीवर बसून एरियल सरळ केलं, गाडीच्या नाकाला सुतळी बांधली आणि निघाले.

त्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, होता. मैदानात पोरं आपापले चाकांचे लाकडी नंदी सजवून उभी होती. मी त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, केस पिकलेली बाई, हातात सुतळी, मागे दहा चाकांची गाडी. पोरं हसली. त्यांच्या आया जास्त हसल्या. हसा म्हटलं. लाकडाच्या बैलाला चाकं लावली तर देव, आणि माझ्या गाडीला असली तर भंगार? पुऱ्या मैदानाला फेरी मारली. एकही चाक निखळलं नाही. मान वर करूनच चालत होते मी.

परत आले तेव्हा नणंदबाई दारातच होत्या.

"ताई, मारबतीत गेलेलं घरात घेत नाहीत, कबूल," मी म्हटलं. "पण पोळ्यातून आलेल्याले दारातून हाकलतेत काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुतळीकडे. मैदानातून परतलेले नंदी शेजारच्या दारांत ओवाळले जात होते. नवरा हसू दाबत आत वळला. रीत मोडणं नणंदबाईंच्या स्वभावात नाही. त्या आत गेल्या आणि तांब्या, आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या.

खाली वाकून त्यांनी चाकांवर पाणी घातलं, नाकावर कुंकू लावलं. मग अंगठ्याने एका चाकावरचा गंज घासला. अंगठा कोराच राहिला. पुन्हा पाणी घालून जोराने घासला.

"हा गंज काहून निघून नाही राहिला वं?"

"निघणार नाही, ताई. तो मी लावला आहे."

त्या दारातून बाजूला झाल्या. मी गाडी उचलली नाही. सुतळी धरून ओढतच उंबऱ्यावरून आत नेली.