बशीवरचा फुगलेला क्रूस

वसईला बाबा बिल्डरांविरुद्ध पत्रकं काढायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे कतारला, दोह्यात नोकरी करताना अबू हमूरच्या चर्चमध्ये शुक्रवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्याकडे आला आणि मुलांना संग्रहालयातली, बुडालेल्या जहाजातून वर काढलेली चिनी मातीची भांडी दाखवायचं ठरलं, तेव्हा मी आधी पत्रक लिहिलं.

त्यातल्या एका बशीवर पोर्तुगीज धर्मयोद्ध्यांच्या संघाचा क्रूस होता. मी लिहिलं, 'हा क्रूस आपल्या किनाऱ्यावर तोफांबरोबर आला.'

सगळ्या वर्गांची व्यवस्था बघणाऱ्या मावशी आमच्या गावच्याच, इथे नर्स आहेत. संग्रहालयाकडे निघालेल्या बसमध्ये त्यांनी पत्रक वाचलं आणि चष्मा काढला.

"हे पोरांना वाटणार?"

"खरं आहे ना, मावशी?"

"असेल. उद्या आईच्या गळ्यातल्या क्रूसाला पोरं तोफ म्हणतील. वाक्य काढ, नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाला देते."

"द्या. वाक्य राहील."

"बापावरच गेलीयेस अगदी!"

पत्रकांचा गठ्ठा मी मांडीवर घट्ट धरला. तो वर्ग मला फार प्रिय होता.

संग्रहालयात बशीसमोर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मिस, इट्स अ फ्लॉवर!" तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. खरंच, क्रूसाची टोकं पाकळ्यांसारखी गोल झाली होती. चिनी कारागिराने असा योद्धा कधी पाहिलाही नसेल. त्याचा हात फुलांना सरावलेला.

मावशी काचेपाशी वाकल्या. "अगो बाय, हा तर आपल्या फुग्यांच्या पिठावरचा!"

सणाला तळायच्या फुग्यांचं पीठ मळलं की आमच्याकडे त्यावर हाताने क्रूस काढून ते झाकून ठेवतात. पीठ फुगतं, तसा क्रूसही फुगतो. अस्साच.

"मावशी, वाक्य काढणार नाही," मी म्हणाले. "पण त्याखाली आणखी एक लिहिते."

मी पेनने लिहायला लागले: 'पुढे तो कारागिरांच्या बोटांतून, आयांच्या परातींतून गेला आणि त्याची धार बोथट झाली.'

"आण इकडे अर्धी पत्रकं," मावशींनी पेन काढलं. "यल्ला, चल लवकर, बस थांबायची नाही."

त्यांच्या अर्ध्या पत्रकांवर माझ्या वाक्याऐवजी त्यांनी लिहिलेलं मी वाटताना वाचलं: 'आता तो आपल्या पिठावर असतो.'

माझ्या वाक्यापेक्षा पत्रकाला तेच शोभत होतं.

पुढच्या शुक्रवारी वर्ग माझ्याकडेच होता. मावशी फुग्यांचा डबा घेऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या.