रक्त गेलं, सांगावा आला नाही

“म्हातारी कुठाय? तिचं दुसरं रक्त राहिलंय.”

शहरातला डॉक्टर माझ्या ओट्यावर उभा राहून विचारत होता. बूट घालून. माझ्या डोकरीनं सारवलेला ओटा तो. आता सारवायला ती नाही.

“मेली,” मी म्हटलं. “टीबीनं. कळलं तवा अंगात काय राहिलंच नव्हतं.”

“अरेरे.” मग सोबतच्या बाईला म्हणाला, “आपली एक केस गेली. सूनबाईचं घ्या.”

केस. माझी बायको.

गेल्या साली भात कापून झाल्यावर हीच माणसं सूर्यमाळकडच्या आमच्या पाड्यात आली होती. शाळेत बसवून सांगितलं, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, निरनिराळ्या. कुठल्या वाढल्या, कुठल्या घटल्या, त्याचं प्रमाण बघून टीबीचा संशय लवकर धरता येतो. डोकरीची शीर सापडेना. दोनदा टोचलं. सुईवाला हसला, “आजी, रक्त कुठं गेलं तुमचं?”

ती म्हणाली, “तूच नेलंस की रं आत्ता.”

मग तिला खोकला लागला. सांजचा ताप. मी म्हणायचो, चल मोखाड्याच्या दवाखान्यात. ती म्हणायची, “माझं रक्त गेलंय ना तिकडं? वंगाळ असतं तर सांगाया आले असते.”

कोणी आलं नाही. म्हणून ती बरी आहे, असं आम्ही धरून चाललो.

आता त्यांचाच डॉक्टर समोर होता. विचारलं, “तिच्या रक्तात काय आलं होतं?”

त्यानं मोबाइल बघितला. “प्रमाण बिघडलेलं होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“आजोबा, ते अभ्यासासाठी होतं. त्यावरून पक्कं ठरत नाही. आणि आकडे सांगून तुम्हाला काय कळणार?”

मला रडू आलं नाही. रागही नाही. तिला पोचवून आलो तेव्हापासून अंग लाकडासारखं झालंय. दारात सून बाही वर करून उभी. तीही खोकत होती.

“बाही खाली घे, पोरी.”

डॉक्टरला म्हटलं, “चौथी शिकलोय. प्रमाण कळत नाही. संशय आहे, दवाखान्यात जा, एवढं कळतं. रक्त देतो. बिघडलं तर इथं येऊन सांगायचं. कबूल?”

“तसं आमच्या कामात नसतं. पण हे तुमच्याच लोकांसाठी आहे, आजोबा.”

“माझं माणूस गेलं. ओट्यावरनं उतर.”

उतरला. शेजारच्या दारांतल्या बाह्याही खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेला जीपनं मोखाड्याला नेलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरनं तोंडानं सांगेपर्यंत बाकड्यावरनं उठलो नाही. टीबीच आहे. गोळ्या सुरू झाल्या. वेळेवर.

आता पाड्यात कोणीही सुई घेऊन येवो. आधी विचारणार, उत्तर घेऊन परत कोण येणार? त्यानं पुढं व्हायचं, चारचौघांत तसा शब्द द्यायचा. नाही तर आमच्या हाताला हात लावायचा नाही.