उन्हाळ्याचं मेण

शरयूबाईंचं कपाळ दोन वर्षांपासून मोकळं होतं आणि ते तसं ठेवा असं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. यजमान मनोहरराव मुलाकडे, बर्फाळ इडन प्रेरीला असताना गेले. चौदाव्या दिवशी शरयूबाईंनी आपणहून कुंकवाच्या मेणाची डबी बॅगेच्या तळाशी टाकली. मग देवांगला, त्यांच्या मुलाला, ॲरिझोनात चँडलरला नोकरी लागली आणि बॅगेबरोबर डबीही वाळवंटात आली. सून नेत्रा दर सणाला म्हणायची, "आई, निदान टिकली तरी लावा ना. हे सगळं आता कोण फॉलो करतं?" शरयूबाई हसून विषय बदलायच्या. रोज सकाळी आरशासमोर बोट कपाळाकडे जायचं आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचं. ते त्यांना फार जाचायचं, पण सांगणार कुणाला?

आणि टिकली त्यांनी जन्मात लावली नव्हती. आधी मेण, वर पिंजर, असं त्यांचं अकोल्याचं कुंकू. मेण त्या घरीच करायच्या, ऋतू बघून. थंडीत तेल जास्त, उन्हाळ्यात कमी. शेहेचाळीस डिग्रीतही त्यांचं कुंकू कधी नाकावर ओघळलं नाही, याची मनोहररावांना इतकी घमेंड की पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे. "बघा, ऊन आमच्या हिला घाबरतं!"

शेजारी वॉल्टर राहायचा. वय अठ्ठ्याहत्तर, एकटा, जन्मभर नळदुरुस्ती केलेला. जुलैतल्या एका सकाळी तो गराजचं दार उघडं टाकून डोकं धरून बसलेला दिसला. समोर वर्तमानपत्रावर शिशाच्या गोळ्या. त्याच्या जुन्या रायफलसाठी तो गोळ्या स्वतः ओतायचा. गोळीच्या अंगावर खाचा असतात, त्यांत मेणाचं वंगण भरतात, म्हणजे शिसं नळीला चिकटत नाही. पण गाडीतल्या उन्हात वंगण वितळून खाली काडतुसातल्या दारूत उतरलं होतं आणि नेमबाजीच्या क्लबात चार लोकांसमोर त्याची बंदूक फुसकी निघाली होती.

"वंगण माझी बायको करायची, रूथ," तो म्हणाला. "चाळीस वर्षं. मी गोळ्या ओतायचो, ती मेण वितळवायची. कृती विचारून ठेवायचं कधी सुचलंच नाही."

शरयूबाईंनी खाचेतलं उरलंसुरलं वंगण बोटांत चुरलं, नाकाशी नेलं. मधमाशीचं मेण! दोन वर्षांनी तो वास आला आणि त्यांना एकदम भरून आलं.

"तेल जास्त झालंय," आपल्या मोडक्या पण ठाम इंग्रजीत त्या म्हणाल्या. "उद्या मी करून देते."

घरी नेत्राने हे ऐकलं. "आई, गन्सचं आहे ते सगळं. बी केअरफुल हं."

"अगं, मी मेण करणार आहे. बंदूक त्याची तो उडवेल."

दुसऱ्या दिवशी गराजात पातेल्यात पाणी उकळलं, त्यात वाटी, वाटीत मेण आणि हाताच्या अंदाजाने एरंडेल. वडी देखणी पडली. वॉल्टरने ती उन्हातल्या गाडीत पुढच्या काचेखाली ठेवली. दोन वाजता वडीचं थारोळं झालेलं. वॉल्टर सभ्य माणूस, त्याने फडक्याने ते पुसून घेतलं. शरयूबाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लक्षात आलं. बारा वर्षं बर्फात काढलेला हात हा! इडन प्रेरीच्या थंडीत मेण तडकायचं, म्हणून त्या दरवर्षी तेल वाढवत गेल्या होत्या. अकोल्याचा अंदाज हाताने केव्हाच सोडला होता.

अकोल्याचं माप होतं डबीच्या टोपणाचं. टोपणभर मेणाला चार थेंब तेल.

म्हणून डबी काढावी लागली. आत वाळकं मेण होतं आणि त्यात त्यांच्याच बोटाचा खळगा, मनोहरराव असतानाचा. त्या पलंगावर बसून पोटभर रडल्या, मग तोंड धुऊन टोपण घेऊन शेजारी गेल्या.

या वेळी सगळं मापाने झालं. वॉल्टरने आणलेलं ताडाचं कडक मेणही चिमूटभर घातलं. वडी काचेखाली ठेवून दोघं सावलीत वाट पाहत बसली. वॉल्टर बोटातली अंगठी फिरवत होता.

"रूथला जाऊन किती वर्षं झाली?"

"पाच."

"आणि अंगठी?"

त्याने नवलाने पाहिलं. "ती गेली. मी अजून नवरा तिचाच आहे ना."

शरयूबाईंनी डबीचं टोपण उचलून मुठीत धरलं.

वडी टिकली. कडासुद्धा मऊ पडल्या नाहीत. शनिवारी वॉल्टरने वीस गोळ्या झाडल्या, वीसच्या वीस उडाल्या. तो कुंपणापाशी येऊन एवढा मोठ्याने सांगू लागला की देवांग घाबरून बाहेर आला.

रविवारी सकाळी शरयूबाईंनी स्वयंपाकघरात स्वतःपुरतं टोपणभर मेण केलं, चार थेंबांचं. आरशासमोर बोट कपाळाकडे गेलं आणि या वेळी पोचलं. त्या खाली आल्या तशी नेत्रा चहा गाळता गाळता थांबली. गाळणी ठेवून तिने सासूला मिठी मारली.

दुपारी पारा एकशे पंधरावर होता, म्हणजे आपले शेहेचाळीस. शरयूबाई मुद्दाम अंगणात उघड्या उन्हात जाऊन चांगली दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मग घामाघूम होऊन आत आल्या आणि आरशात पाहिलं.

"अहो, बघा," त्या म्हणाल्या. "नाही ओघळलं."