विमलमावशीचं विमान आणि दारातली खुर्ची

लांबच्या प्रवासाहून आलेलं माणूस तुमच्याकडे सगळं एका दमात सांगून टाकतं का हो? आमच्या विमलमावशीनं नाही सांगितलं. आमचा केनवडचा बायकांचा बचत गट, पापड-शेवयांचं काम. मावशी त्यातली सगळ्यात मोठी, साठी ओलांडलेली. जर्मनीहून आल्यापासून पापड लाटता लाटता रोज एक गोष्ट सांगते. एक ऐकून हसू थांबत नाही तोवर दुसरी. अशा किती साचल्या! त्यातल्या काही सांगते.

*

आधी जायचं कसं ठरलं ते. मावशीची मुलगी रेखा तिकडे असते. तिचं पहिलं बाळ वाचलं नव्हतं, आणि तेव्हा मावशी तिच्याजवळ नव्हती. आता दुसऱ्या वेळी बाळंतपणाचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं. रेखा फोनवर एवढंच म्हणाली, "आई, या वेळी तू पाहिजे."

मावशीच्या मुलाला सोबत जायला सुट्टी मिळेना. आम्ही घाबरलो. "मावशी, एकटी जाशील?"

"पोहरादेवीच्या जत्रेले एकटी जातो ना मी? हे गाडी जरा उंचावरून जाते, एवढंच!"

*

नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून मोठं विमान. पायऱ्या चढण्याआधी मावशी वाकली आणि पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला. मागची रांग थांबली. मागचा साहेब म्हणाला, "आंटी, जल्दी."

मावशी म्हणाली, "तुमी नाई पडले पाया? मंग तुमच्यासाठीबी मीच पडतो." आणि पुन्हा वाकली!

*

जागा खिडकीजवळची. थोड्या वेळानं तिला बाथरूमला जायचं होतं. उठताना तिनं पिशवीतून रुमाल काढून सीटवर पसरला, वर पाण्याची बाटली ठेवली.

शेजारची मुलगी पुण्याची. ती म्हणाली, "मावशी, इथं कुणी बसणार नाही. सीटला नंबर असतो."

"नंबर तं यष्टीतबी असते, बाई!"

*

जेवण झालं. मावशीनं आपला ट्रे उचलला, त्या मुलीचा उचलला, पलीकडच्या झोपलेल्या माणसाचाही उचलला आणि चालली मागं. हवाई सुंदरीला विचारते, "नळ कुठी हाय?"

आपलं उष्टं दुसऱ्यानं काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती बिचारी ट्रे ओढते, मावशी सोडत नाही. शेवटी पुण्याची मुलगी धावत गेली आणि मावशीला परत घेऊन आली.

मावशी आम्हाला सांगते, "ते ट्रेवाली पोट्टी लय घाबरली व! तिले वाटलं, मी तिची नोकरी घ्याले आली!"

*

इथपर्यंत हसायचं. पण मुंबईचंच विमान उशिरा निघालं होतं. मधल्या देशात उतरून दुसरं विमान धरायचं होतं, ते निघून गेलं. पुण्याची मुलगी तिथंच उतरणार होती, तीही गेली. दिवस मंगळवारचा.

काउंटरवरच्या माणसाला हिंदी येत होतं. तो म्हणाला, उद्या सकाळच्या विमानात जागा देतो, आज हॉटेलात राहा. पण तेही चुकलं तर शनिवारपर्यंत सगळी विमानं भरलेली आहेत.

मावशीनं विचारलं, "वो आगे के स्टाप पे नहीं रुकता क्या?"

तो माणूस हसला नाही, असं मावशी आवर्जून सांगते. त्यानं स्वतःच्या फोनवरून रेखाला कळवलं. रेखा रडायला लागली. मावशी म्हणाली, "रडू नको. उद्या संध्याकाळी मी तुह्या घरी चहा पितो." फोन त्या माणसाला परत दिला आणि उद्याच्या विमानाची वेळ त्याला तीनदा विचारून घेतली.

*

आता हॉटेलचं ऐका.

दुपारची वेळ. खोली मोठी, पण दार आपोआप बंद होणारं. मावशीनं उघडलं की ते मिटे. शेवटी तिनं खोलीतली खुर्ची ओढून दारात अडकवली आणि त्यावर बसली, तोंड बाहेर करून. हॉटेलातल्या बाईनं येऊन खुर्ची आत ठेवली, दार लावलं. ती वळली तोच मावशी पुन्हा दारात!

मग मॅनेजर आला. "अम्माजी, दरवाजा बंद रखिए. सेफ्टी है."

"दिन में दरवाजा लगा के कौन बैठता है, भाऊ? लोगां बोलेंगे, घर में झगडा हुआ!"

मॅनेजर म्हणाला, "रात को तो बंद करेंगे?"

"रात को करतेच ना! हम क्या पागल है?"

समोरच्या खोलीत एक आफ्रिकेतली बाई होती, मावशीच्याच वयाची. तिचंही तेच विमान चुकलेलं. ती दारात येऊन डोळे पुसत होती. मावशीनं डिंकाच्या लाडवाचा डबा उघडून पुढं केला. त्या बाईनं लाडू घेतला, आत गेली, आणि आपली खुर्ची घेऊन बाहेर आली. दिवेलागणीपर्यंत त्या मजल्यावर आणखी चार दारं उघडली!

आम्ही विचारलं, "तिची भाषा तुले येत नाई, तुही तिले येत नाई. एवढा वेळ बोलल्या काय?"

"लेकीचं बोललो. तिनं तिच्या पोरीचा फोटो दाखवला, पोट एवढं मोठं. मीबी रेखाचा दाखवला. मंग तिनं माहा हात धरला. अजून काय बोलाचं असते?"

सकाळी विमानतळाची गाडी आली. प्रत्येक खोलीत फोन वाजला. मावशीच्याही खोलीत वाजला, पुन्हा वाजला, पण दुसऱ्याच्या घरचा फोन मावशी कशाला उचलेल? ती अंघोळ करून, बॅग बांधून, पलंगावरची चादर घडी करत बसली होती. खाली गाडी भरली. मावशी दिसेना म्हणून ती समोरची बाई खाली उतरली आणि गाडीच्या दारात आडवी उभी राहिली. चालक ओरडला, हॉर्न वाजवला, ती हलली नाही. मॅनेजर पळत वर गेला आणि मावशीला घेऊन आला.

बुधवारी संध्याकाळी मावशीनं रेखाच्या घरी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाला मुलगी झाली.