जमीन वर, ढग खाली

सबिना मुजावर मूळची जयसिंगपूरची. कोल्हापुरात ती हवामानावर संशोधन करायची. पावसाळी ढगांची संगणकावर काढलेली तिची चित्रं तिच्या वरिष्ठांनी, विश्वजित सरांनी, स्वतःच्या नावावर छापली. तिनं जाब विचारला, तर हसून म्हणाले, "नुसती बटणं दाबलीस की गं तू!"

ते तिच्या जिव्हारी लागलं.

पुढच्या परिषदेसाठी सरांनी न विचारताच तिची नवी फाईल उचलली. तिच्यात ढगांच्या पातळ्या मीटरऐवजी हवेच्या दाबात होत्या. दाब जमिनीपाशी सर्वांत जास्त आणि वर जाऊ तसा कमी, म्हणून आधी त्याची मीटरमध्ये उंची करावी लागते, नाहीतर जास्तीचा आकडा वर जाऊन चित्र उलटं येतं. ते बाकी होतं. सबिनाला ठाऊक होतं, तरी ती मुद्दाम गप्प बसली.

भरल्या सभागृहात पडद्यावर जोतिबाचा डोंगर वरच्या कडेला उलटा लोंबला आणि ढग त्याच्या खाली. हशा पिकला. घामाघूम सर तिच्याकडे वळले. "सबिना, जरा नीट करून दे."

"नाव तुमचं हाय न्हवं, सर? तुम्हीच करा की!" ती सगळ्यांदेखत म्हणाली.

सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं दाबाची उंची करून तीच चित्रं स्वतःच्या नावानं छापली. पश्चात्ताप तिला आजही नाही.