मिरजगावपलीकडचं जंगल: बघायचं असेल तर घाई करा

आमचं यंत्र चुकत नाही, असं आमचे साहेब रोज सांगतात. उपग्रहाचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवून कुठे झाडी वाढली, कुठे पाणी आटलं, हे ते आपलं आपण ओळखतं. त्यानेच मिरजगावपलीकडच्या एका उघड्या माळावर जंगल उगवलेलं दाखवलं. तेही ऐन एप्रिलात! मला राहवेना. शनिवारी गाडी काढली.

पुण्याहून लवकर निघा, वाघोलीतच अर्धा जीव जातो. सुप्याला मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव शिळा. तक्रार केली तर मालक म्हणाला, "कालचाच हाय." इतका खरेपणा आमच्या ऑफिसात नाही. नगरहून सोलापूर रस्ता धरा आणि मिरजगावातच पाण्याच्या बाटल्या घ्या. पुढे मिळत नाहीत.

माळावर जंगल होतं खरं. रोपवाटिकेवर ताणतात ती हिरवी जाळी टेकडीभर अंथरलेली, कडेला दगड ठेवलेले. त्यावर एक शेळी उभी होती. खाण्यासारखं काही नाही, हे तिला कळलेलं दिसत होतं.

गाडी बघून सरपंच बबनराव धावत आले. "हिरव्या गावाला बक्षीस हाय मॅडम, आन् तपासनी वरनंच हुनार म्हनले. म्हटलं, वरनं दिसंल एवढं तरी करू."

"मग मिळालं?"

"कशाचं! टँकर बंद झाला."

नकाशात गाव हिरवंगार, मग टँकर कशाला, असा वरचा हिशेब. सरपंचांच्या आई शेवंताबाई हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर निघाल्या होत्या. लेकाकडे न बघताच म्हणाल्या, "जंगल ह्याचं, वनवास आमाला." मी हसले आणि लगेच लाज वाटली. तो हिरवा रंग आमच्याच ऑफिसातून गेला होता.

साहेबांना फोन लावला. "सर, ती जाळी आहे."

"असेल. पण यंत्र जंगल म्हणतंय ना?"

यांच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. "जाळी गुंडाळा," मी सरपंचांना सांगितलं. बाजरीची भाकरी आणि ठेचा त्यांच्याकडेच जेवले. उरलेल्या बाटल्या शेवंताबाईंकडे ठेवून परत निघाले.

पुढचा फोटो आला तेव्हा यंत्राने बोंब ठोकली: जंगल तोडलं! गावाला नोटीस गेली, नवी रोपं लावा म्हणून. मी कपाळाला हात लावला. त्यानंतर काही दिवसांनी सरपंचांचा फोन.

"मॅडम, टँकर आला. रोपांला पानी घालायला."

"आणि शेवंताबाई?"

"पैला हंडा तिचाच. समद्या गावानं भरलं."

"मग रोपांना काय घातलं?"

"रोपं कुठली? खड्ड्याखड्ड्यावर जाळीचा तुकडा टाकलाय. लई न्हाई, रोपापुरताच."

काल यंत्राने ती रोपं मोजली. सगळी जगली आहेत म्हणे. अहवालाखाली सही माझी लागते. मी केली.